गारेच्या शिरा आणि खाणीतली माणसे

श्रोतेहो, मी भूगर्भशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते युनियनचे काम करता करता. पण आपल्या मुकुटबनच्या आसपास चुनखडी आणि दगडी कोळसा. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळा पाषाण. अशा ठिकाणी दगडाकडे पाठ फिरवून कसे चालेल?

काळ्या पाषाणातली गारगोटी फोडली, तर कधी आत एकावर एक बसलेले पट्टे दिसतात. पोकळीत झिरपलेल्या पाण्याने गारेचे थर चढविले, त्याची ही खूण होय. त्यात सोने नसते. पण पट्टे कसे वाचावेत हे मात्र तिच्यावरून कळते.

सोने म्हटले की आपल्याला कोलार आठवते. तेथील शिरा भूमीच्या पोटात फार खोल घडल्या. दुसऱ्या एका जातीच्या शिरा ज्वालामुखीच्या प्रदेशात, वरच्या दीडेक किलोमीटरातच घडतात. शास्त्रज्ञ त्यांना एपिथर्मल म्हणतात. न्यूझीलंडातील वायही गावची मार्था खाण अशीच. तिच्यात सोन्यापेक्षा चांदी वजनाने अधिक निघाली.

कढत पाणी फटीतून वर चढते, दाब उतरतो आणि ते उकळते. गंधकाचा वायू निघून गेला की विरघळलेले सोने पाण्यात टिकत नाही. ते शिरेत बसते. त्याच वेळी कॅल्साइटची पातळ पाती जमतात आणि पुढे त्यांची जागा गार घेते. शिरेत पात्यांची जाळी दिसली की जाणकार म्हणतो, येथे पाणी उकळले होते. जवळपास सोने शोधा.

पण त्याच गारेची धूळ, कोरडे छिद्र पाडताना, मजुराच्या छातीत बसे. त्या रोगाला खाणक्षय म्हणत. १९१२ च्या मे महिन्यात वायहीच्या काही यंत्रचालकांनी वेगळी युनियन काढली, तेव्हा बाकीच्यांनी संप पुकारला. १२ नोव्हेंबरला संपवाल्यांच्या सभागृहावर हल्ला झाला. मारहाणीत जखमी झालेला फ्रेड इव्हान्स दुसऱ्या दिवशी वारला. संप मोडला. खाणक्षयाच्या रोग्यांना निवृत्तिवेतन देणारा कायदा मात्र १९१५ साली झाला.

मार्था १९५२ साली बंद पडली. १९८८ साली वरून खोदून पुन्हा उघडली. दगडाने आपला इतिहास स्वतःच नोंदवून ठेवला होता. मजुराचा इतिहास तसा आपोआप उरत नाही. तो आपणच लिहून ठेवला पाहिजे. आपल्या तालुक्यातही खाणी आहेत, एवढेच स्मरण देऊन मी थांबतो.