गाणे पोचले, नाव राहिले

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरातील संगीताचा संग्रह संगणकावरून फोनमध्ये हलविला. संग्रह फार मोठा नव्हे. वडिलांनी पंचवीस-तीस वर्षांत जमविलेल्या कॅसेटी मी पूर्वीच संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्यांत मागाहून विकत घेतलेल्या काही सीडींची भर पडली होती. तार जोडली, आणि चहा होतो न होतो तोच सारे गाणे एका खणातून दुसऱ्या खणात जाऊन बसले. परंतु फोन उघडून पाहतो तो निम्म्याहून अधिक चिजांपुढे एकच शब्द : ‘अज्ञात’. ज्यांचे नाव घेताना वडील कानाच्या पाळीला हात लावीत, ते सारे थोर गवई अज्ञातांच्या पंगतीला बसलेले !

ह्यात माझे अज्ञान होतेच. ते मी नाकारीत नाही. पण ह्या अपघातामागे एक इतिहासही आहे, आणि तो संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्या अवधीत रागाचे रूप उभे करून, शेवटी बाई इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगत. आज ते ऐकताना पुष्कळांस ती गायिकेची ऐट वाटते. ऐट नसेल असे नाही. परंतु खरे कारण व्यवहाराचे असल्याचे सांगतात. मुद्रणाची मूळ प्रत जर्मनीत हॅनोव्हर येथे जाई व तेथे तबकड्या छापल्या जात. तेथील कारागिराला हे गाणे कोणाचे हे कळावे कसे? कागदाची चिठ्ठी वाटेत हरवेल. म्हणून नाव गाण्याच्या शेपटालाच बांधून धाडावयाचे. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या त्या दिवसांत दुसरी बाजूही विसरता येत नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले; महाराष्ट्राच्या घरोघरी त्यांचे नाव राहिले, परंतु त्यांची एकही तबकडी आपल्या हाती नाही. तेथे नाव राहिले आणि गाणे गेले. माझ्या फोनात त्याच्या उलट घडले होते.

तबकडीच्या मधोमध कागदी चकती असे. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली, तिच्या डबीत लिहावयास पुठ्ठा असे. नाव गाण्याच्या बाहेर, पण शेजारीच नांदत होते. १९८२ मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेणाऱ्या त्या चकतीच्या मूळ रचनेत गाण्याचे नाव नोंदविण्याची सोयच नव्हती. ते डबीतल्या पुस्तिकेत छापावे, हीच कल्पना. पुढे जर्मनीतील एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी मोठ्या आवाजाच्या छायेत कानाला जो बारीक आवाज ऐकूच येत नाही तो गाळून टाकण्याची विद्या सिद्ध केली, आणि सीडीवरील गाणे सुमारे अकराव्या हिश्श्यात मावू लागले. १९९५ मध्ये तिला एमपीथ्री हे नाव मिळाले. (तंबोऱ्याची जवारी मात्र ह्या गाळणीतून थोडी खरवडून निघते, असे माझा कान म्हणतो, तज्ञांनी हसावे.) आता डबी नाही, पुठ्ठा नाही, पुस्तिका नाही. तेव्हा नाव लिहावे कोठे?

१९९६ मध्ये एरिक केम्प ह्या गृहस्थांनी तोड काढली : फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडावी. गौहरजान जेथे नाव उच्चारीत, तेथेच ! गाण्याच्या नावास ३० अक्षरे, कलावंतास ३०, संग्रहास ३०. शिवाय संगीताच्या ८० प्रकारांची एक ठरीव यादी. त्या यादीत रॉक, जाझ, पोल्का सारे होते. ख्याल नव्हता, ठुमरी नव्हती. राग व ताल ह्यांस तर रकानाच नव्हता, आणि लिपी बहुधा रोमनच. १९९८ च्या सुधारलेल्या पद्धतीत देवनागरीलाही वाट मिळाली. पण रकाना असणे निराळे आणि तो कोणी भरणे निराळे.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘रिओ’ नावाचे खिशात मावणारे यंत्र आले. त्यात साध्या दर्जाचे अर्ध्या तासाचे गाणे राही. संगणकावरचे गाणे त्यात घ्यावयाचे, एवढेच त्याचे काम. तरी ध्वनिमुद्रिका-व्यावसायिकांच्या संघटनेने ते रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. १५ जून १९९९ रोजी वरिष्ठ न्यायालयाने संघटनेची मागणी फेटाळली. मनुष्य आपल्याच संगणकावरील गाणे खिशात नेतो तेव्हा तो केवळ त्याची जागा बदलतो, असा निकालाचा आशय होता. मी दिवाळीत चहा होईतो जे केले, त्याचा न्याय तेथे झाला होता. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात खासगी उपयोगाची सवलत होती. पण ती ध्वनिमुद्रणांनाही लागू होईल असे शब्द २०१२ च्या दुरुस्तीनेच त्यात आले.

ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपल कंपनीचा आयपॉड निघाला. खिशात हजार गाणी, ही त्याची प्रौढी; आणि ती खोटी नव्हती. पण त्याच्या पोटात पाहिले तर निराळाच कारभार दिसे. आपण दिलेली फाइलीची नावे पुसून तो चार-चार निरर्थक अक्षरांची नावे ठेवी, नि त्या फाइली गुप्त खणांत पांगवी. ओळख राही ती केवळ आतल्या चिठ्ठीवरून. चिठ्ठी कोरी असेल तर गाणे अनामिक. २०२२ मध्ये आयपॉड बंद झाला, परंतु चिठ्ठी वाचून ओळखण्याची रीत फोनांनी उचलली. माझे नेमके तेथेच चुकले होते. कॅसेटी उतरविताना नावे मी खणांवर लिहिली होती. चिठ्ठ्या कोऱ्याच ठेवल्या होत्या.

मग आठ रात्री बसून मी एकेक चिठ्ठी भरली. कपाटावरून कॅसेटींचे खोके काढले व वडिलांच्या अक्षरावरून ताडून पाहिले. रागाचे नाव गाण्याच्या नावालाच जोडले. एक कॅसेट मात्र राहिली. पुठ्ठ्यावर एवढेच : ‘मिरज, रात्र दुसरी’. राग मालकंस, आवाज प्रौढ, खर्ज भरदार. मध्येच एक ‘वाहवा’ ऐकू येते, ती वडिलांची असावी. ओळखीच्या तीन जुन्या श्रोत्यांस मी ते ऐकविले. तिघांनी तीन नावे सांगितली आणि प्रत्येकजण दुसऱ्या दोघांस हसला. कलावंताच्या रकान्यात मी तूर्त पुठ्ठ्यावरचेच शब्द लिहून ठेवले आहेत.