‘धर्मात्मा’, जोतीबा आणि आपल्या पोरांचं तिकीट

१९३५ साली प्रभात कंपनीने संत एकनाथावर बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. एकनाथ झाले बालगंधर्व. जन्मभर शालू नेसून ज्यांनी रंगभूमी गाजवली ते इथे पुरुषाच्या वेषात. बोलपटाचं नाव ठरलं होतं ‘महात्मा’. मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाला हे नाव खुपलं. महात्मा म्हटलं की त्या काळी लोकांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस यायचा, आणि त्यात विषय अस्पृश्यतेचा. नाव बदलावं लागलं. ‘धर्मात्मा’ झालं.

आता बघा मित्रांनो, संतपट म्हणजे देवभोळ्या घरातला सगळ्यात सोवळा सिनेमा. आई-बाप बिनघोर पोरांना घेऊन जाणार. टाळ, मृदंग, चमत्कार, शेवटी हात जोडायचे आणि घरी यायचं. पण तोच संत महाराच्या घरी जेवायला बसला की सिनेमा वादग्रस्त झाला! संत तोच, देव तोच, फक्त ताट बदललं.

याच बोलपटाचं नाव बाबासाहेबांच्या लेखणीतून उतरलेलं आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, बाबासाहेबांनी न झालेलं भाषण स्वतः छापलं, गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिलं. त्याला बाबासाहेबांनी जे उत्तर दिलं ते १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. त्यात संतांचा विषय निघतो आणि बाबासाहेब थेट ‘धर्मात्मा’वर येतात. त्यांचं म्हणणं असं, की या बोलपटात एकनाथाला नायक केलंय, कारण त्याने अस्पृश्याला शिवण्याचं आणि त्याच्यासोबत जेवण्याचं धाडस केलं. पण एकनाथाने हे केलं ते जातीला त्याचा विरोध होता म्हणून नव्हे. गंगेत बुडी मारली की लागलेला विटाळ धुतला जातो असं त्याला वाटत होतं म्हणून. देवापुढे सगळे सारखे असं संत बोलले, माणसापुढे माणूस सारखा असं बोलले नाहीत.

सरकारी बोर्डाला जो बोलपट फार पुढे गेलेला वाटला, तो बाबासाहेबांना फार मागे राहिलेला वाटला. पण बंदी घाला, खेळ बंद पाडा, पोरांना पाठवू नका, असलं एक अक्षर त्या उत्तरात नाही. बोलपटाचं नाव घेतलं, त्यातली मेख दाखवली आणि पुढे गेले. ज्याने बघितला असेल त्याने परत विचार करावा, ज्याने नसेल बघितला त्याने बघताना डोळे उघडे ठेवावेत.

हे मी आज का उकरतोय? कारण आमच्या वस्तीत पोरांच्या तिकिटावरून भांडण लागलं. २०२५ च्या जुलैत ‘महावतार नरसिंह’ नावाचा कार्टूनपट लागला. शाळेतली निम्मी पोरं बघून आली, आपली पोरं घरात हट्ट धरून बसली. विहाराच्या बैठकीत एक जण उठून म्हणाला, बौद्धाच्या पोराने देवादिकांचा सिनेमा बघायचा नाही, तसा ठराव करा. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या पाळीवरून तसाच आलेलो, कानात साच्यांची घरघर, तरी मी टाळी वाजवली नाही. वादावादी झाली. ठराव पुढच्या बैठकीवर गेला आणि मी इतिहास चाळायला बसलो.

पोरांना वाईटापासून वाचवायचं, हे शब्द ऐकायला छान वाटतात. पण या देशात कुणाच्या पोरांना कशापासून वाचवलं गेलं? ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. अख्ख्या कुटुंबाने बघावी अशी गोष्ट. राजाने राज्य दिलं, बायकापोरं विकली, आणि अधोगतीची शेवटची पायरी कोणती? तर डोंबाघरी पाणी भरणं. आपल्याकडे अजून म्हणतात तसं. कथेत याहून खाली जागाच नाही. सात वर्षांचं पोर मांडीवर बसून ही गोष्ट ऐकतं तेव्हा सत्य शिकतं की नाही माहीत नाही, पण डोंब म्हणजे काय हे पक्कं शिकतं. आणि डोंबाचंच पोर ऐकायला बसलं असेल तर? त्या गोष्टीला वादग्रस्त म्हणायची रीत नाही.

गांधींच्या आत्मकथेत आहे, की लहानपणी बापाची परवानगी काढून त्यांनी हरिश्चंद्राचं नाटक बघितलं आणि ते मनात घर करून बसलं. त्याच घरात संडास साफ करायला उका यायचा. १९२१ साली अहमदाबादच्या भाषणात गांधींनी स्वतःच सांगितलं, की उकाला शिवायची आईची बंदी होती, चुकून शिवलं तर अंघोळ. नाटकाला परवानगी आणि उकाला बंदी. मी गांधींना शिव्या द्यायला हे लिहीत नाही, ते पोर आईला प्रश्न विचारत होतं हेही त्यांनीच सांगितलंय. मला दाखवायचाय तो घरातला उंबरा. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे आई-बाप ठरवतात, आणि आई-बापाचं डोकं जात ठरवते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९१८ ला सिनेमॅटोग्राफ कायदा आला, १९२० ला मुंबईत बोर्ड बसलं. १९४९ च्या दुरुस्तीने मोठ्यांसाठी निराळा दाखला निघाला, मग १९५२ चा कायदा, १९८३ ला यूए. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे तीन तुकडे पाडले, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे. हे आकडे आई-बापाने बघून ठरवायचे, दुसऱ्या कुणी सक्ती करायची नाही. लहान लेकराला रक्ताचे पाट दाखवू नयेत, माझी ना नाही. माझी पुतणी पडद्यावर कोंबडी कापली तरी झोपेत ओरडते. पण वयाची कात्री वेगळी आणि विचाराची कात्री वेगळी. एकीच्या नावाखाली दुसरी चालवतात, तिथे आपण जागं राहायचं.

चालवली की नाही बघा. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा सिनेमा ११ एप्रिल २०२५ ला, जोतीबांच्या जयंतीला लागायचा होता. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. बोर्डाने ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असले शब्द काढायला लावले. सिनेमा लागला २५ एप्रिलला. आणि १८५५ साली काय झालं होतं? जोतीबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी पोर! तिला ते शब्द लिहायला कुणाचा दाखला लागला नाही. १७० वर्षांनी तिच्याच गुरुजींच्या सिनेमातून ते शब्द गेले. शाळेच्या मैदानात मात्र हे शब्द कुणी कापलेले नाहीत. तिथे आपली पोरं रोज ऐकतात.

म्हणून मला ठरावाची भीती वाटते. तीच कात्री आपल्या हातात आली तर आपण काय कापणार? १९८७ साली तमिळमध्ये ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा राखीव जागांच्या विरोधातला सिनेमा निघाला. मद्रास हायकोर्टाने दाखला रद्द केला, सुप्रीम कोर्टाने मार्च १९८९ मध्ये परत दिला. दंग्याच्या धाकाने विचार दाबता येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं. माझा एक साथी यावर अजून चिडतो. मी त्याला म्हणतो, बाबा, तो दाखला रद्द राहिला असता तर उद्या त्याच कागदाने आपला सिनेमा बंद पाडला असता.

आता नरसिंहाकडे येऊ. त्या गोष्टीत आहे काय? बाप पोराला सांगतो, विष्णूचं नाव घ्यायचं नाही. पोर ऐकत नाही. बाप मरतो. म्हणजे विहारात ठराव करून जो बाप पोराला हा सिनेमा बघू देणार नाही, तो त्या पोराच्या लेखी कोण ठरेल? हिरण्यकश्यपू! सिनेमा न बघताच पोराला गोष्ट पटेल. त्यांची गोष्ट आपणच आपल्या घरात खरी करून दाखवायची, असला येडेपणा कशाला?

जोतीबांनी दीडशे वर्षांपूर्वीच याचा निकाल लावलाय. १८७३ ची ‘गुलामगिरी’ काढा. नृसिंहावर आख्खं प्रकरण आहे. जोतीबा म्हणतात, अवतार-बिवतार काही नाही. हिरण्यकश्यपूचं राज्य घ्यायचं होतं, म्हणून आधी त्याच्या लेकराचं मन शिक्षकाकरवी फिरवलं आणि मग सिंहाचं सोंग घेऊन, खांबाआड लपून बापाला दगा केला. बघा, जोतीबांची नजर कुठे गेली! नखांवर नाही, रक्तावर नाही. प्रल्हादाच्या शाळेवर गेली. आणि पुस्तक लिहिलंय कसं? धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. धोंडीबाला कुठेही, गप बस, असलं ऐकू नकोस, असं म्हटलेलं नाही. त्याला ही सगळी पुराणं माहीत आहेत म्हणूनच तो विचारू शकतो.

कुणी बावीस प्रतिज्ञा पुढे करील. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या त्या प्रतिज्ञा माझ्याही घराच्या भिंतीवर आहेत. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानायचं नाही, उपासना करायची नाही, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मानायचं नाही. मानण्याची आणि पूजण्याची गोष्ट आहे, बघण्याची नाही. १९७५ ला ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा थेटरात लोक चपला बाहेर काढत, पडद्यावर पैसे उधळत. माझी आजी शेजारणीबरोबर गेली होती. चपला तिने काढल्या नाहीत. आजोबा आठ दिवस बोलले नाहीत म्हणे. आजी म्हणते, मी बघायला गेले होते, शुक्रवार धरायला नाही.

पण आपल्याच घरातली एक अडचण याहून अवघड आहे, आणि तिच्यावर ठरावात एक शब्द नव्हता. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’, २०१३ चा. माझा पुतण्या सातवीत. वहिनी म्हणाली, त्याला हा दाखवायचा नाही. का? तर शाळेत पोरं आधीच चिडवतात, त्यात आणि पडद्यावर जब्याला डुक्कर धरताना बघायचं, सगळं गाव हसताना बघायचं. माझ्या लेकराला तेवढे दोन तास तरी सुखाचे असू द्या. तिच्या या बोलण्याला मी प्रतिगामी म्हणणार नाही. सनातनी बाप पोराचा माज सांभाळतो. ही माय पोराची लाज सांभाळत होती. दोघांची बंदी वरून सारखी दिसते, पण आतून सारखी नाही.

शेवटी तिने आधी स्वतः बघितला. दोन दिवस स्वयंपाकघरात गप्प होती. मग एका रविवारी पोराला शेजारी बसवून दुसऱ्यांदा बघितला. राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं घर डुकराच्या मागे धावता धावता जागच्या जागी थांबतं, तिथे पोरगा हसला, आणि मग त्याचं हसू आपोआप थांबलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ पडद्याबाहेर, बघणाऱ्याच्या अंगावर. पोराने विचारलं, “आई, आपण तर त्याच्याकडचे ना? मग दगड आपल्याला का मारला?” वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी कवी माणूस, सभेत भाषणं ठोकतो. मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. पोरगा वाट बघत बसला.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली बाबासाहेबांनी एक प्रस्तावना लिहिली होती. ती तेव्हा ग्रंथात छापली गेली नाही, पुढे वेगळी प्रसिद्ध झाली. आपल्या कार्यकर्त्यांनी ती पोरांच्या प्रश्नासाठी म्हणून एकदा वाचावी. रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात धर्माची शिस्त कडक. मुलांकडून रोज रामायण-महाभारत वाचून घ्यायचे. केळुसकर गुरुजींनी दिलेलं बुद्धचरित्र भीमरावाने शाळेत असताना वाचलं आणि बापाला गाठलं. ज्या पोथ्यांत बामण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी, त्या आम्हाला का वाचायला लावता? पहिल्यांदा बापाने झिडकारलं. तुम्ही पोरं आहात, सांगितलं ते करा. पण पोरगा सोडतोय होय? काही दिवसांनी तोच प्रश्न परत. या वेळी बाप तयारी करून आला होता. म्हणाला, आपण अस्पृश्य, आपल्या मनात कमीपणा बसू शकतो. द्रोण बघ, कर्ण बघ, वाल्मीकी बघ, कुठून कुठे गेले. पोराला त्यात थोडं तथ्य वाटलं, पण समाधान झालं नाही. मला भीष्म-द्रोण आवडत नाहीत, कृष्ण आवडत नाही, शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी वागलेला राम आवडत नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. रामजीबाबा गप्प राहिले. घरात बंड सुरू झालंय हे त्यांना कळलं होतं.

आपण बुद्धाकडे गेलो ते रिकाम्या डोक्याने नाही, आधीचं वाचलेलं होतं म्हणून ताडून बघता आलं, असं बाबासाहेबांनी त्याच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय.