झटका मशीनची बॅटरी : दुपारचा आकडा पाहून फसू नका

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही शेताकडे वळतात. आता बऱ्याच धुऱ्यांवर सोलरची झटका मशीन दिसते. मशीन, तार, खुंट्या याकडे आपण ध्यान देतो. बॅटरीकडे मात्र ती बसल्यावरच पाहतो.

माझंही तेच झालं. दुपारी १ वाजता मीटर लावला, १३.६ व्होल्ट. बारा व्होल्टची बॅटरी आणि १३.६ म्हणजे फुल्ल, असं समजून घरी आलो. तिसऱ्या रात्री डुकरांनी धुऱ्याकडचा आठ-दहा तासांचा हरभरा उलथून टाकला. सकाळी मोजलं तर ११.६. मशीनची टिकटिक चालूच होती, पण तारेत दम नव्हता.

चूक बॅटरीची नव्हती, मोजायच्या वेळेची होती. ऊन असताना पॅनल बॅटरीत करंट ढकलत असतो, त्यामुळे मीटरवर चार्जिंगचा व्होल्ट दिसतो. मोटार चालू असताना पाइपाची धार पाहून टाकीत किती पाणी आहे हे सांगता येते का? तसंच हे आहे. चार्ज कंट्रोलर साध्या लेड अॅसिड बॅटरीला १४.४ च्या आसपास नेतो आणि भरल्यावर १३.५ ते १३.८ वर धरून ठेवतो. म्हणजे १३.६ चा अर्थ भरलेली असाही होतो, अन् अर्धी भरत आलेली असाही. बऱ्याच साध्या कंट्रोलरचा हिरवा दिवा व्होल्ट पाहूनच लागतो, त्यावरही जाऊ नका.

खरा आकडा पहाटेचा. उजाडायच्या आधी मशीन बंद करायची, दूध काढून होईपर्यंत अर्धा तास बॅटरी निवांत राहू द्यायची आणि पॅनलवर ऊन यायच्या आत मोजायचं. मीटर डीसी २० वर ठेवून लाल काडी प्लसला, काळी मायनसला. काड्या बॅटरीच्या खुंटावर लावा, वायरच्या क्लिपवर नको. खुंटावर १२.५ आणि क्लिपवर १२.१ आलं तर क्लिप गंजली आहे, ती घासली की काम होते.

लेड अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवत असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० आलं तर पाव उरली, आणि ११.८ च्या जवळ गेली की संपली. रोज सकाळी १२.२ च्या वर राहिली तर ती बरीच वर्षं टिकते. सारखी १२ च्या खाली गेली की प्लेटांवर पांढरा थर बसतो, मग कितीही चार्ज करा, ती धरत नाही.

निवांत असताना १०.५ च्या आसपास आकडा आला तर समजा एक सेल गेला. आत सहा सेल असतात, प्रत्येकाचे २.१ व्होल्ट.

आणखी एक फसवणूक जुन्या बॅटरीची. निवांत असताना १२.६ दाखवते, पण जोर लावला की बसते. गाडीचा हेडलाइटचा बल्ब पाच मिनिटं लावून ठेवा. आकडा ११ च्या खाली घसरला तर तिच्यात साठा उरला नाही.

श्रावणासारखं आभाळ राहिलं तर हिशोब कागदावर करा. मशीन अर्धा अँपिअर खात असेल (मशीनवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं), तर १२ तासांच्या रात्रीत ६ अँपिअर-तास जातात. ७ ची बॅटरी एका रात्रीत रिकामी, २६ ची दोन रात्री बऱ्यापैकी झेपवते. तेवढं दिवसा भरलं नाही तर सकाळचा आकडा रोज थोडा थोडा उतरत जातो. तो उतरताना दिसला की बॅटरी घरी आणून चार्जरवर लावायची. सोडताना आधी पॅनलची वायर, मग बॅटरीची; जोडताना आधी बॅटरी.

नवीन लिथियम बॅटरीला हे आकडे लावू नका. ती भरल्यावर निवांत १३.३ दाखवते आणि बराच वेळ १३ च्या वरच राहते, मग एकदम पडते. १२.७ हे लेड अॅसिडमध्ये फुल्ल, तर लिथियममध्ये जवळपास रिकामी.

झाकणाच्या बॅटरीत पाणी पाहताना बिडी पेटवू नका, आतून निघणारा गॅस भडकतो. पाणी फक्त डिस्टिल्ड. मीटरची काडी कुंपणाच्या तारेला लावू नका. तिथं हजारो व्होल्टचा झटका असतो, मीटर जळतो. आणि बॅटरी बसली म्हणून तारेत लाइनची वीज सोडायचा विचारही करू नका. झटका मशीन सेकंदभराने एकदा, क्षणभरच करंट सोडते, म्हणून जनावर सुटून पळते. लाइनचा करंट सोडत नाही. त्यात माणसं गेली आहेत, आणि गुन्हा शेतमालकावर लागतो.

मी आता खोपीच्या दाराला मागून खडूने रोजचा पहाटेचा आकडा लिहितो. काल १२.५, आज १२.४.