रुक्मिणीचा नकार

वऱ्हाडातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. भावाने शिशुपाल ठरविला. तिने तो नाकारून कृष्णाला निरोप धाडला. तेराव्या शतकात, अमरावती जिल्ह्यातीलच ऋद्धिपुरी, गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात महदंबेने हीच कथा धवळ्यांत गायिली. वधूच्या नकाराची कथा चक्क लग्नमांडवात, याचे आम्हांस नवल वाटते! परंतु हा नकार विवाहापूर्वीचा. पुढचे धवळ्यांत नाही. बालपणी लग्न झालेल्या मुंबईच्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास नकार दिला, तेव्हा १८८७ साली न्यायालयाने नांदणे अथवा सहा महिन्यांचा कारावास असा निवाडा केला. त्यांनी कारावासाची तयारी दाखविली. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, सोबत नांदणाऱ्या पत्नीवरील पतीची बळजबरी बलात्कार ठरत नाही.