शेळीची लेंडी : प्रमाण आणि त्याची मर्यादा

अन्नाचा जो अंश पचनानंतर गुदद्वारावाटे बाहेर पडतो तो मल. शेळीच्या बाबतीत त्याच्या तीन अवस्था संभवतात. मल सुट्या, टणक, गोलसर गोळ्यांच्या रूपात असेल तर ती लेंडी. गोळ्या परस्परांस चिकटून गुच्छ झाला असेल तर तो संलग्न मल. आकारच उरला नसेल तर हगवण. ‘शेळीला ढाळ लागली’ एवढ्या निवेदनावरून दुसरी अवस्था की तिसरी, हे ठरत नाही. म्हणून संज्ञा प्रथम वेगळ्या केल्या. विवेचनास उस्मानाबादी शेळी आधारभूत धरली आहे. ही बहुधा काळी, अनेकदा जुळी देणारी जात.

लेंडीचा अर्थ तिच्या उत्पत्तीत आहे. शेळीच्या पोटाचे चार कप्पे : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे जठर. कोटीपोटात सूक्ष्मजीव बाभळीचा पाला, कडबा, तुरीचे भुसकट आंबवतात. निरोगी शेळीत कोटीपोट मिनिटाला एक ते दोन वेळा आकुंचन पावते. खऱ्या जठरात व लहान आतड्यात रासायनिक पचन व शोषण होते. येथून पुढे जाणारे द्रव्य पातळच असते. मोठ्या आतड्याच्या सर्पिल वेटोळ्यात पाणी शोषले जाते आणि त्यापुढील आकुंचनांनी घट्ट द्रव्याचे तुकडे पडतात. गायीच्या शेणात सुमारे 80 टक्के पाणी असते. शेळी त्यातले बरेच पाणी परत घेते.

यावरून दोन विधाने निष्पन्न होतात. (1) आकार बिघडला असेल, तर मोठ्या आतड्यास पाणी शोषण्यास अवधी मिळाला नाही, किंवा त्याच्या शक्तीपलीकडे पाणी आले. (2) आकार शाबूत असेल, तर केवळ हा शेवटचा टप्पा ठीक आहे; त्याअलीकडील अवयवांविषयी काहीच सिद्ध होत नाही. दुसरे विधान सहसा विसरले जाते.

बिघाडाची कारणे त्रिविध : आहारजन्य, कृमी-परजीवीजन्य, संसर्गजन्य.

आहारजन्य बिघाडाचे ठळक उदाहरण खळ्यावरचे. सुटलेली शेळी ज्वारीच्या राशीत तोंड घालते, किंवा कार्यातला उरलेला भात कौतुकाने तिच्यापुढे ओतला जातो. पिष्ट वेगाने आंबते, लॅक्टिक आम्ल साचते, कोटीपोटाचा सामू 5.5 च्या खाली जातो. आतील द्रव आता रक्ताहून संहत झाल्यामुळे रक्तातील पाणी पोटात ओढले जाते. परिणाम वरकरणी परस्परविरोधी : पोट पाण्याने डबडबलेले, डोळे मात्र खोल गेलेले. मागाहून लागणारी हगवण हा येथे मूळ रोग नव्हे, त्याचे फलित आहे. केवळ ती थांबवण्याचे औषध निरुपयोगी. आहार बदलायचा तर सूक्ष्मजीवांना दोन-तीन आठवडे द्यावेत.

परजीवींत तीन उदाहरणे पुरेत. कॉक्सिडिया तीन आठवड्यांवरील करडांच्या आतड्याचे अस्तर नष्ट करतात. मलात आव, कधी रक्त. फीतकृमीचे तुकडे शिजलेल्या भाताच्या शितांसारखे लेंडीवर दिसतात. ते पाहून माणूस घाबरतो, पण हानी तुलनेने अल्प. तिसरा हिमोंकस. तो खऱ्या जठरात राहून रक्त शोषतो. पापणीची आतली बाजू फिकट पडते, जबड्याखाली पाणी उतरते, शेळी कळपामागे राहू लागते. लेंडी मात्र बहुधा सुटी आणि चकचकीतच.

संसर्गात पीपीआर : ताप, नाकातून स्राव, तोंडात व्रण आणि मग हगवण, या क्रमाने. भारतात तो प्रथम 1987 मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला. त्यावर प्रभावी लस आहे. आंत्रविषारात शेळी हगवण दिसण्यापूर्वीच मरू शकते. तेथे मल साक्षीला येतच नाही.

आणखी दोन स्थिती या वर्गीकरणाबाहेर राहतात. दूध पिणाऱ्या नवजात करडाचा पिवळा, चिकट मल हा रोग नव्हे; तो वाळून गुदद्वार बंद होते तेव्हा कोमट पाण्याने पुसावे, इतकेच. याउलट लेंडी मुळीच न पडणे, रवंथ बंद आणि डावी कूस फुगलेली, ही हगवणीपेक्षाही तातडीची अवस्था. हमरस्त्याकडेला चरणाऱ्या शेळीच्या पोटात प्लास्टिक असण्याचा संभव येथे ध्यानी घ्यावा.

तेव्हा निदानास डोळा पुरत नाही. नमुना तपासावा लागतो. तो गोठ्यातल्या जुन्या लेंड्यांचा नसावा, कारण त्यांतील अंडी फुटून गेलेली असतात आणि मातीतले कृमी शिरलेले असतात. नुकतीच पडलेली लेंडी झाकणाच्या बाटलीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. शेळी वरून निरोगी दिसते म्हणून हे टाळू नये. हिमोंकसची एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते, आणि ती त्या सुट्या, चकचकीत लेंडीतूनच बाहेर पडतात.