वसईचा वेढा आणि पाऊस

पाठीवर वळकटी टाकून ऐन आषाढांत वसईचा किल्ला पायीं हिंडल्यावांचून १७३९ च्या वेढ्याची घाई ध्यानांत यावयाची नाहीं, असें आम्हांस वाटतें. पोर्तुगीजांनीं १५३४ पासून बळकावलेल्या या स्थळास तीन बाजूंनीं समुद्र व खाडी. मराठ्यांस वाट काय ती जमिनीकडून. तेथें खणलेल्या सुरुंगांत पाऊस शिरता तर दारू भिजून सारे श्रम चिखलांत जाते. म्हणूनच चिमाजीअप्पांनीं हजारों माणसें खर्चीं घालून मे महिन्यांतच किल्ला घेतला. पुढें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांच्याच बंधूच्या नातवानें, दुसऱ्या बाजीरावानें, याच वसईंत इंग्रजांशीं तह केला. पावसाशीं झुंजून मिळविलेल्या ठिकाणीं भर हिंवाळ्यांत एका सहीनें स्वराज्य गहाण पडलें!