विंचू, फुप्फुसं आणि एक फोन नंबर

माझी आजी सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. विडीवर आमचं घर चालायचं. ती घातक आहे हे सांगणारं चित्र मात्र घरात फार उशिरा पोचलं.

याला कारण कायदा. १९७५ साली संसदेनं पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला, पण तो कायदा फक्त सिगारेटपुरता होता. विडी त्यातून सुटली. २००३च्या कायद्यात सगळेच तंबाखूजन्य पदार्थ आले आणि ३१ मे २००९पासून चित्रं छापली जाऊ लागली. विडी-सिगारेटवर खराब फुप्फुसं, खायच्या तंबाखूवर विंचू.

माझा मामा तंबाखू-चुना खायचा. विंचू पाहून तो हसला होता. सिन्नरकडच्या माणसाला विंचू काय असतो हे सांगावं लागत नाही. तो चावला की त्याच क्षणी कळतं. तंबाखूचा डंख कळायला वीस-वीस वर्षं लागतात. रोज खाऊनही काही होत नाही, हा मामाचा अनुभव होता आणि त्यापुढे चित्र खोटं पडत होतं.

भीती घालून माणूस बदलतो का, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांचा धनुर्वाताच्या लशीवरचा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. भीतीदायक पत्रक वाचून विद्यार्थ्यांना लस घ्यावीशी वाटली, पण प्रत्यक्ष घेतली जेमतेम ३ टक्क्यांनी. ज्यांना सोबत दवाखान्याचा नकाशा दिला आणि कधी जाणार ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्के झालं. वाट दिसली नाही, तर माणूस धोक्याऐवजी भीतीच दूर करतो. नजर वळवतो, नाहीतर चेष्टा करतो.

चेष्टा आम्हीही केली. थिएटरात मुकेशची जाहिरात लागली की कॉलेजातली पोरं त्याच्या आवाजाची नक्कल करायची. मुकेश आमच्या बाजूच्या खानदेशातला, भुसावळचा. तोंडाच्या कॅन्सरनं २००९ साली गेला तेव्हा तो २४ वर्षांचा होता. आज मी त्याच्याहून मोठा आहे.

एप्रिल २०१६मध्ये इशारा पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आला. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि टपरीवर सुटी सिगारेट घ्यायचो. पाकीट टपरीवाल्याकडे, माझ्या हातात नुसती सिगारेट. ८५ टक्क्यांतला एक टक्काही माझ्यापर्यंत येत नव्हता. महाराष्ट्रानं सुट्या विक्रीवर बंदी आणली ती सप्टेंबर २०२०मध्ये. कॅनडानं तर २०२३पासून एकेका सिगारेटवरच इशारा छापायचा नियम केला.

माझ्या कामातही हेच दिसतं. सर्व्हरचे दिवसाला शंभर अलर्ट आले की टीम ते म्यूट करते. उपयोगाचा अलर्ट तोच, ज्यात पुढे काय करायचं ते लिहिलेलं असतं. तंबाखूच्या पाकिटांवर ही ओळ सप्टेंबर २०१८मध्ये आली. व्यसन सोडायला मदत करणारा एक टोल-फ्री नंबर.

गेल्या वर्षी मामाच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. डेंटिस्ट म्हणाले, अजून वेळ आहे, पण आता थांबा. घरी आल्यावर मी त्याच्याच पुडीवरचा नंबर त्याला दाखवला. रोज खिशात असलेली पुडी, पण नंबर त्यानं कधी वाचलाच नव्हता. फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कॅन्सरचं नावही काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, तारीख कोणती ठरवायची?

मामानं सोमवार सांगितला. पंधरा दिवसांत मोडला, मग दुसरी तारीख ठरवली. ती अजून टिकून आहे. तेव्हा फोन ठेवताना तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि तुझी तारीख?"

मी उत्तर द्यायला आठवडा लावला.